नकलेनं जपलेली पावलं

'नक्कल' म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण एका जगप्रसिद्ध धार्मिक चित्राला नकलेनंच आधार दिला, ती हकीकत आज सांगते.

इटलीतल्या मिलान शहरात सांता मारिया देल्ले ग्रात्सिए हा मठ आहे. त्याच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंचीनं १४९५ ते १४९८ च्या सुमारास 'द लास्ट सपर' रंगवलं. तुमच्यातलाच एक जण मला दगा देणार, असं येशू सांगतो आणि बारा शिष्यांमध्ये खळबळ उडते, तो हा क्षण.

भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर झटपट काढायची तिथली रीत होती. त्यात रंग भिंतीत मुरतो. लिओनार्दोला मात्र सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं. वीस वर्षांतच रंगाचे पोपडे सुटू लागले. पुढे १६५२ मध्ये त्या भिंतीत दार काढलं, त्यात येशूची पावलंच गेली.

पण १५२० च्या सुमारास लिओनार्दोच्या परंपरेतल्या जाम्पिएत्रिनो नावाच्या चित्रकारानं याची मोठी नक्कल कॅनव्हासवर करून ठेवली होती. तीच मांडणी, तेच हातवारे. तिच्यात पावलं शाबूत आहेत. ज्युडासच्या हाताजवळ कलंडलेलं मीठाचं भांडंही स्पष्ट दिसतं.

मूळ चित्र दुरुस्त करायला अनेक जण आले. अठराव्या शतकात काहींनी थेट त्याच्यावरच आपले रंग चढवले आणि जुनं काम झाकून टाकलं. ते थर उतरवायचं काम एका बाईनं केलं. पिनिन ब्राम्बिला बार्चिलोन यांनी १९७८ ते १९९९ अशी वीसहून अधिक वर्षं त्या भिंतीसमोर काढली. अंदाज घ्यायला जुन्या नकला हाताशी होत्या. जिथे मूळ रंग उरलाच नव्हता, तिथे त्यांनी फक्त फिकट जलरंग भरला, म्हणजे जुनं कुठलं आणि भरलेलं कुठलं, ते बघणाऱ्याला कळावं.

गंमत म्हणजे जाम्पिएत्रिनोच्या नकलेचाही वरचा भाग पुढे कापला गेला. त्यामुळे आज छत पाहायचं ते मूळ चित्रात आणि पावलं पाहायची ती नकलेत.

ज्यांनी मूळ चित्र 'सुधारायला' घेतलं, त्यांनी ते झाकलं. ज्यानं ते जसंच्या तसं उतरवलं, त्यानं ते राखलं. आपल्या हाती आलेलं जुनं काही पुढच्या पिढीला देताना हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.