सर्जनशील विचाराला चालना : मानसशास्त्राचे प्रयोग काय सांगतात?

टेबलावर एक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला एक छोटा पुठ्ठ्याचा खोका आहे. एवढ्या साहित्यात मेणबत्ती भिंतीवर बसवायची, आणि जळताना तिचे मेण खाली सांडता कामा नये. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने हे कोडे ओळखले जाते. त्याचे संशोधन जर्मनमध्ये १९३५ साली आणि इंग्रजीत १९४५ साली प्रसिद्ध झाले. उत्तर सोपे आहे : खोका रिकामा करावा, तो टाचण्यांनी भिंतीला ठोकावा आणि त्यात मेणबत्ती उभी करावी. तरीही पुष्कळांना ते सुचत नाही. खोका टाचण्यांनी भरलेला दिसला, की मन त्याला ‘टाचण्या ठेवण्याची वस्तू’ ठरवून मोकळे होते. तोच खोका रिकामा ठेवला, तर कोडे सुटण्याचे प्रमाण एकदम वाढते.

वस्तूचा नेहमीचा उपयोग तिचे इतर उपयोग झाकून टाकतो, या प्रवृत्तीला ‘कार्यबद्धता’ म्हणता येईल. नवे सुचण्याच्या वाटेवरचा हा बहुधा सर्वांत मोठा अडसर होय. आणि त्यावर उपायही सापडलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ साली एक साधी रीत मांडली. समोरच्या वस्तूचे भाग पाडत जावे आणि प्रत्येक भागाला दिलेल्या नावात त्याचा उपयोग दडलेला आहे का, हे तपासावे. मेणबत्तीचे भाग दोन : मेण आणि वात. ‘वात’ म्हटले, की जळणे आलेच. म्हणून तिला ‘दोरा’ म्हणावे. दोऱ्यालाही पुढे ‘पिळलेले लांब तंतू’ म्हणावे. दोन जड कड्या मेणबत्तीच्या साहाय्याने एकमेकींना जोडा, असे कोडे पुढे आले, तर ज्याने वातीला दोरा म्हटले त्याला मेण खरवडून त्या दोऱ्याने कड्या बांधाव्यात हे सुचते. या रीतीचा सराव केलेल्या गटाने सराव नसलेल्या गटापेक्षा ६७ टक्के अधिक कोडी सोडवली. नाव बदलल्याने दृष्टी बदलते, हे कवींना प्रयोगशाळेत जाऊन शिकावे लागले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

सर्जनशीलतेचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडचा आहे. १९५० साली जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना नोंदवले, की मानसशास्त्रीय संशोधनाच्या सूचीतील सुमारे १,२१,००० नोंदींपैकी जेमतेम १८६ नोंदी या विषयाशी निगडित होत्या. एकच बरोबर उत्तर शोधणारा विचार आणि अनेक दिशांनी पर्याय शोधणारा विचार, हा भेद त्यांनीच रुजवला. ‘विटेचे किती उपयोग सांगता येतील?’ यासारख्या चाचण्या त्यातून आल्या. अशा चाचण्यांत वारंवार आढळते, की पहिली उत्तरे सर्वांची सारखी असतात आणि वेगळी कल्पना उशिरा येते. पण सुचणे मंदावले, की आपला साठा संपला असे माणसाला वाटू लागते. ब्रायन लुकास आणि लॉरन नॉर्डग्रेन यांनी २०१५ साली दाखवले, की आणखी थोडा वेळ चिकटून राहिल्यास किती कल्पना सुचतील याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी असतो.

आता सभा-बैठकांमधील ‘ब्रेनस्टॉर्मिंग’कडे वळू. जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी १९५३ सालच्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. टीका करू नये, अचाट कल्पनांचे स्वागत करावे, संख्या वाढवावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, हे तिचे चार नियम. नियम आकर्षक आहेत. गफलत आहे ती गटाने एकत्र बसून बोलण्यात. १९५८ साली येल विद्यापीठात ९६ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. निम्मे विद्यार्थी चौघाचौघांच्या गटांत बसले, निम्म्यांनी एकट्याने विचार केला. एकट्याने विचार करणाऱ्या कोणत्याही चौघांच्या कल्पना, पुनरुक्ती वगळून, एकत्र केल्या तेव्हा त्या प्रत्यक्ष गटापेक्षा जवळजवळ दुप्पट भरल्या. याचे कारण जर्मनीतील मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली उलगडले. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते. थांबता थांबता आपली कल्पना निसटते किंवा फिकी वाटू लागते. तेव्हा प्रथम प्रत्येकाने एकांतात कागदावर लिहावे, मग कागद एकत्र करून चर्चा करावी. शाळेतील प्रकल्प असो, नाट्यसंस्थेची बैठक असो वा ग्रामसभा, एवढा एक बदल फुकट करता येतो. मोठ्या आवाजाच्या माणसापुढे जे गप्प बसतात त्यांचेही म्हणणे त्यामुळे कागदावर येते, आणि माझ्या मते हा लाभ कल्पनांच्या संख्येहून मोठा आहे.

अडलेले काम बाजूला ठेवण्याचाही उपयोग होतो. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनाचे चार टप्पे सांगितले : सिद्धता, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी. यांपैकी परिपाकाविषयी उट ना सिओ आणि थॉमस ऑर्मरॉड यांनी २००९ साली ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विश्रांतीचा फायदा खरा ठरला. मात्र आधीची सिद्धता नसेल, तर परिपाक होणार कशाचा? २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी चालण्याचा परिणाम तपासला. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्राच्या पट्ट्यावर चालतानाही वस्तूंचे नवे उपयोग अधिक सुचले. म्हणजे श्रेय निसर्गशोभेपेक्षा चालण्याला होते. एकच नेमके उत्तर शोधण्यात मात्र चालण्याने किंचित तोटाच झाला. हिशेब तपासायचा असेल, तर बसूनच तपासावा.

बक्षिसाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सॅम ग्लुक्सबर्ग यांनी १९६२ साली मेणबत्तीच्याच कोड्यासाठी, जलद सोडवणाऱ्यास पैसे देऊ केले. खोका रिकामा असताना पैशांनी वेग वाढवला. खोका भरलेला असताना बक्षिसाच्या आशेने काम करणारे उलट मागे पडले. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली ७२ लेखक-लेखिकांना छोटी कविता लिहायला सांगितली. लिहिण्यापूर्वी ज्यांना प्रसिद्धी आणि पैसा यांसारख्या कारणांचा क्रम लावायला दिला, त्यांच्या कविता परीक्षकांना अधिक सामान्य वाटल्या. नुसता तो विचार मनात आणून दिल्याचा हा परिणाम! पाढे पाठ करण्यासाठी चॉकलेट चालेल. चित्र काढायला बसलेल्या मुलासमोर आधीच पारितोषिक ठेवताना पालकांनी थबकावे.

बंधनांचे काय? ती सर्जनाला मारतात हा समज अर्धाच खरा आहे. ‘काहीही लिही’ म्हटल्यावर मन नेहमीच्याच वाटेने जाते. ठरावीक शब्द वापरण्याची अट घातली, की वाट सोडावी लागते. कॅट्रिनेल हॉट-ट्रॉम्प यांनी २०१७ साली दोन ओळींच्या यमकांवर केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. गोमंतकीय वाचकाला त्यासाठी चतुर्थीची माटोळी आठवावी. लाकडी चौकट ठरलेली, साहित्यही रानातील फळे, फुले, वेली आणि परसातील भाज्या एवढेच. तरी त्यातून देवदेवतांच्या आकृती साकारणारे कलावंत दरवर्षी नवे काही दाखवतात. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत बक्षिसे असतात हे खरे. पण स्पर्धा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून माटोळी बांधली जात होती, आणि स्पर्धेत नाव न दिलेल्या घरांतही ती तितक्याच हौसेने बांधली जाते.