पुण्याचे हौद आणि घरांतील पाणी

घरांत पाणी किती लागतें हें घरांतल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असतें, अशी आपली समजूत असते. पुण्याच्या पाण्याचा इतिहास चाळतांना मला ती पुरती खरी वाटत नाहीं. पाणी किती दूर आहे, तें कोण वाहून आणतें, आणि त्याला तेथें हात लावण्याची मुभा आहे कीं नाहीं, यांवरच पुष्कळसें ठरत आलें आहे.

इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधवून तेथील पाणी भुयारी नळानें शहरांत आणिलें. माणूस आंतून चालत जाईल एवढा तो नळ प्रशस्त. यंत्र कसलेंच नाहीं. नुसत्या उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जाई. गाळ मागें बसावा व निवळलेलें पाणी पुढें यावें, अशीही त्यांत तजवीज होती.

पण हौदांत निवळ आलेलें पाणी घरांत तसेंच राही काय? हौद उघडा, आणि जो तो आपली घागर त्यांत बुडवी. घागर कितीही लखलखीत असो, तिचें बूड रस्त्याला टेकलेलें असे. घरीं पिण्याचें पाणी निराळें ठेवून ओगराळ्यानें घेत. ही रीत आरोग्याला पोषकच होती. मात्र सोवळें म्हणजे निर्जंतुक नव्हे. पटकीचे जंतु नितळ पाण्यांतही असूं शकतात, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें.

डोक्यावरून आणलेलें पाणी जपूनच वापरलें जातें. राखेनें भांडें घांसून तें थोडक्या पाण्यांत विसळण्याची आजीची हातोटी आपण काटकसर म्हणून वाखाणतों. तिच्या मानेला विचारलें असतें तर वेगळें उत्तर मिळालें असतें!

आणि ज्यांना हौदाला शिवण्याचीच बंदी, त्यांनीं किती वापरावें? कोणी वरून ओतील तेवढेंच. १८६८ सालीं महात्मा जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठीं खुला केला. वर्गांत इतिहास शिकवितांना मीं कात्रजचा नळ फळ्यावर आंखून दाखवीत असें. या हौदाचा उल्लेख मात्र एका वाक्यांत उरकीत असें. त्याची चुटपुट अजून लागते.

पुढें खडकवासल्याचें धरण झालें, नळ हळूहळू घरांत आले, आणि तींच माणसें कितीतरी अधिक पाणी वापरूं लागलीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, खडकवासल्यालाही भगदाड पडलें आणि नळ कोरडे झाले. मी तेव्हां पाळण्यांत होतों. आई सांगे, लोक पुन्हा घागरी घेऊन विहिरी अन् जुने हौद शोधीत निघाले.