लव्हाळ्याच्या मुळाशीं

पनवेल शहराला लागून करंजाडे नांवाचें गांव आहे. एके काळीं तेथें भाताचीं खाचरें होतीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर नव्या मुंबईचा पसारा वाढत गेला आणि खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. कोंकणांतील भातशेतीचा एक जुना शत्रु मात्र अशा स्थित्यंतरांना भीत नाहीं. गटाराजवळच्या ओलींत, मोकळ्या भूखंडावर तो पुन्हा डोकें वर काढतो. त्याचें नांव लव्हाळा.

लव्हाळ्याला गवत म्हणण्याचा प्रघात असला तरी तें गवत नव्हे. गवताची कांडी गोल व बहुधा पोकळ, याची तिधारी व भरींव. खरी करामत जमिनीखालीं. बारीक तंतूंनीं जोडलेल्या गांठींची माळच्या माळ तेथें पसरलेली असते; वरचें पातें उपटलें कीं तंतु तुटतो आणि सुटलेली गांठ स्वतंत्र रोप होऊं पाहते. निंदणी करणाऱ्याचा राग अगदीं रास्त आहे. पण याच वाळलेल्या गांठी काष्ठौषधींच्या दुकानांत नागरमोथा म्हणून मिळतात. शेतांत ज्याला शिव्या बसतात तोच दिवाळीच्या पहांटे उटण्यांतून अंगाला लागतो, हें शहरांत थोड्यांच्याच ध्यानीं येतें.

चरकसंहितेनें मुस्ता, म्हणजे मोथा, पाचन व संग्राहक द्रव्यांत श्रेष्ठ गणिला. शाकुंतलांत शिकारीचा बेत रहित करतांना दुष्यंत रानडुकरांना डबक्यांतील मोथा निर्धास्तपणें उकरूं द्या म्हणतो. डुकराला कळलेली गोष्ट माणसाला कळली नसती तरच नवल! ईजिप्तमधील वादी कुब्बानिया येथें सुमारें अठरा हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत या गांठी सांपडल्या आहेत. सूदानांतील अल खिदाय येथल्या सांगाड्यांच्या दांतांवरील कीटणांतहि लव्हाळ्याच्या खुणा मिळाल्या. हा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. शेती येण्यापूर्वीं तेथें लव्हाळा खाल्ला जाई, आणि शेती आल्यावरहि. त्या लोकांचे दांत फार थोडे किडलेले होते. गांठींतील द्रव्यें दांत किडविणाऱ्या जंतूंना आवरतात, हें त्याचें एक कारण असावें असा संशोधकांचा तर्क आहे.

चव मात्र कडवट. म्हणून भाजणें, दळणें, शिजविणें आलें. त्याचा तळ्यांत वाढणारा भाऊबंद कसेरू अधिक गोड. रॉक्सबर्गनें तर देशी नांवावरूनच त्याला ‘स्किर्पस किसूर’ हें शास्त्रीय नांव दिलें.

करंजाड्याच्या गटारकांठचा लव्हाळा मात्र कोणीं चुलीवर ठेवूं नये. तो ज्या पाण्यावर पोसला जातो तें पाणी आतां खाचराचें राहिलेलें नाहीं.