चुनखडीयुक्त जमिनीतील कार्बोनेटांची विद्राव्यता आणि खनिजे

चुनखडीयुक्त जमिनीतील मुख्य कार्बोनेट खनिज कॅल्साइट, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट (चुना). शुद्ध पाण्यात ते लिटरमागे सुमारे १४ मिग्रॅ. इतकेच विरघळते. मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे जमिनीतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वाढला, की कार्बोनिक अम्ल तयार होऊन चुना बायकार्बोनेटच्या रूपात कित्येक पट जास्त विरघळतो. जमीन सुकताना तोच पुन्हा साकळतो. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे बरेचसे असेच घडतात. खडा फोडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब सोडला, तर तो लगेच फसफसतो. डोलोमाइट हे मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट मात्र थंड अम्लात सुस्त असते. त्याची भुकटी केल्यावरच फेस नीट दिसतो.

कॅल्साइटच्या स्फटिकात मॅग्नेशियम बरेच शिरले असेल, तर विद्राव्यता वाढते. जिप्समचे उलटे आहे. ते लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम विरघळून पाण्यात भरपूर कॅल्शियम सोडते आणि त्यामुळे कॅल्साइटचे विरघळणे मंदावते. चोपण, म्हणजे सोडियमयुक्त, जमिनीत मात्र मातीच्या कणांवरचे सोडियम सुटते व त्या जागी कॅल्शियम बसते. द्रावणातले कॅल्शियम असे कमी होत गेल्याने चुना आणखी विरघळतो आणि सामू ८.५च्या वर जातो.

सिलिकेट खनिजांचा वाटा सहसा दुर्लक्षिला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. अनेक जमिनींतील द्रावणात कॅल्साइटच्या हिशोबाने बसते त्याहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट आढळते. सुआरेझ व ऱ्होड्स या अमेरिकी मृदाशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याचे कारण सिलिकेटांच्या विघटनात दाखवले. प्लॅजिओक्लेजसारखी खनिजे झिजताना कॅल्शियम पुरवत राहतात आणि कॅल्साइटचे स्फटिक त्या वेगाने वाढत नाहीत. सेंद्रिय पदार्थांचा थर स्फटिकांवर बसला, तर ही वाढ आणखी रोखली जाते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज विपुल आहे. पोकळ्यांत ह्यूलँडाइटसारखे कॅल्शियमयुक्त झिओलाइटही सापडते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात चुना साकळताना कॅल्शियम द्रावणातून निघून जाते व सोडियमचे वर्चस्व वाढते. याउलट, झिओलाइट असलेल्या काळ्या जमिनी सोडियम वाढूनही पाण्याचा निचरा टिकवून धरतात, हे नागपूरचे मृदाशास्त्रज्ञ डी. के. पाल व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

माती परीक्षणातील ‘मुक्त चुना’ हा आकडा फक्त साठा सांगतो, त्यावरून विद्राव्यतेचा अंदाज बांधू नये. हा साठा कामाला लावण्यासाठी गंधक देतात: जिवाणू त्याचे सल्फ्युरिक अम्ल करतात आणि जमिनीतल्याच चुन्यापासून जागच्या जागी जिप्सम तयार होते.