मॉर्फिन द्रावण

तीव्र वेदनांवर तोंडावाटे द्यायचे पातळ औषध. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन या अल्कलॉइडाचे सल्फेट किंवा हायड्रोक्लोराइड लवण पाण्यात विरघळवून ते तयार करतात. कर्करोगाच्या वेदना, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील असह्य धाप यांवर ते वापरले जाते. ज्यांना गोळी गिळता येत नाही किंवा ज्यांना नाकातील नळीतून अन्न द्यावे लागते, अशा रुग्णांना द्रावण विशेष सोयीचे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश असून ५ मिलि. मध्ये १० मिग्रॅ. मॉर्फिन असे प्रमाण तेथे दिले आहे. हे औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

इतिहास : जर्मन औषधनिर्माता फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे केले. पुढे इंग्लंडमध्ये मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन आणि अल्कोहॉल यांचे ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ मरणासन्न रुग्णांना दिले जाऊ लागले. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे असाध्य आजाराच्या रुग्णांचे शुश्रूषाकेंद्र, सुरू केले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी औषध द्यायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. त्याच संस्थेत १९७०च्या दशकात रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी केलेल्या अभ्यासानंतर मिश्रणातील कोकेन अनावश्यक ठरले आणि साध्या मॉर्फिन द्रावणाचा वापर वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. युगांडात अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या हॉस्पिसने मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून स्वस्त द्रावण बनवले आणि ते घरोघरच्या रुग्णांपर्यंत नेले.

कार्य : मेंदू आणि मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींना मॉर्फिन चिकटते. त्यामुळे वेदनेचे संदेश पुढे जाणे कमी होते आणि वेदनेची जाणीव बोथट होते. तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा बराच भाग यकृतातच बदलून जातो. म्हणून तोंडी मात्रा इंजेक्शनच्या मात्रेपेक्षा दोन ते तीन पट असते. द्रावणाचा परिणाम साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि सुमारे चार तास टिकतो. यकृतात तयार झालेली रूपे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे क्षीण असतील तर ती रक्तात साचत जातात आणि नेहमीची मात्राही जास्त होऊ शकते.

मात्रा व मोजणी : मात्रा प्रत्येक रुग्णासाठी वेगळी ठरवावी लागते. आधी अशी औषधे न घेतलेल्या प्रौढांना बहुधा ५ ते १० मिग्रॅ. दर चार तासांनी अशी सुरुवात करतात. वृद्ध, अशक्त आणि मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांमध्ये याहून कमी मात्रा किंवा दोन मात्रांत जास्त अंतर ठेवतात. वेदना मधेच उसळली तर द्यायची जादा मात्राही डॉक्टर आधीच लिहून देतात, ती सहसा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतकी असते. हे आकडे माहितीसाठी आहेत, त्यांवरून स्वतः मात्रा ठरवू नये.

सर्वांत घातक चुका मोजणीत होतात. बाजारात ५ मिलि. मध्ये १० मिग्रॅ. असे सौम्य द्रावण मिळते, तसेच ५ मिलि. मध्ये १०० मिग्रॅ. असे दसपट तीव्र द्रावणही असते. तीव्र द्रावणाच्या बाबतीत ‘५ मिग्रॅ.’ हे ‘५ मिलि.’ असे वाचले गेले, तर रुग्णाच्या पोटात वीसपट औषध जाते. अशा चुकांतून मृत्यू ओढवल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये खास इशारा दिला होता. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर असे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. औषध घरातल्या चमच्याने न मोजता तोंडी औषधाच्या सिरिंजने मोजावे. नवी बाटली आणली की लेबलावरील प्रमाण आधीच्या बाटलीशी ताडून पाहावे. दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळ वहीत नोंदवावी, म्हणजे घरातील दोघांकडून तीच मात्रा दोनदा दिली जाणार नाही. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

दुष्परिणाम : बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते आणि औषध चालू असेपर्यंत टिकते. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच सोबत रेचक दिले जाते. ते स्वतःहून थांबवू नये. मळमळ, उलटी आणि गुंगी सुरुवातीला जाणवतात, पण बहुतेकांत काही दिवसांत ओसरतात. तोंडाला कोरड पडणे, घाम, खाज, लघवी अडणे हेही आढळते. हातपाय अचानक झटकले जाणे, भास होणे किंवा बोलणे असंबद्ध होणे ही शरीरात औषध साचत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मात्रा फार जास्त झाल्यास श्वास मंदावतो. हाक मारून, हलवूनही रुग्ण जागा होत नाही, श्वास संथ व तुटक होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात. ही लक्षणे दिसताच पुढची मात्रा थांबवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे. त्याचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.

खबरदारी : मद्य, झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम यांसारखी औषधे आणि प्रीगॅबालिन यांच्या जोडीने श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. दम्याचा तीव्र झटका, डोक्याला मार किंवा आतड्यांची हालचाल थांबलेली असताना हे औषध सहसा टाळतात. गरोदरपणात ते दीर्घकाळ घेतल्यास नवजात बाळाला औषध तुटल्याची लक्षणे दिसू शकतात. गुंगी असेपर्यंत वाहन चालवू नये. बाटली कुलपात आणि मुलांपासून दूर ठेवावी. उरलेले औषध दुसऱ्या कोणालाही देऊ नये, ते रुग्णालयात परत करावे.

काही आठवडे औषध घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. ते एकाएकी बंद केले तर घाम, जुलाब, नाक वाहणे आणि अस्वस्थता सुरू होते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. व्यसन याहून वेगळे आहे, त्यात अपाय होत असूनही औषधाची अनावर ओढ राहते. व्यसनाचा पूर्वेतिहास असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. त्यामुळे उपचार नाकारले जात नाहीत, देखरेख वाढवली जाते.

भारतातील स्थिती : मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवली जाते. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक शिक्षा आणि अनेक परवान्यांची अट यांमुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायला धजत नसत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी केली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्था ती ठेवू शकतात. देशात द्रावणापेक्षा गोळ्यांचा वापर अधिक आहे, मात्र वर सांगितलेली काळजी दोन्हींना लागू पडते. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि पुण्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र येथेही वेदनाशमनाचे उपचार मिळतात.

मॉर्फिन सुरू झाले म्हणजे रुग्ण संपला, ही समजूत चुकीची आहे. हे औषध वेदनेच्या तीव्रतेवर ठरते, उरलेल्या आयुष्यावर नाही. नीट मोजून आणि देखरेखीखाली दिले तर रुग्णाला झोप लागते, दोन घास जातात आणि घरच्यांशी बोलता येते. घरातील रुग्णाचे दुखणे नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नसेल, तर सोसत न बसता मॉर्फिनबद्दल डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.