ठाणे-कल्याण परिसरातील डोंगर व ओढ्यांची स्थलनामे : ऐतिहासिक नकाशासाठी नोंदीचा प्रश्न

उत्तर कोकणाच्या इतिहासलेखनात ग्रामनामांचा अभ्यास बराच झाला आहे. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख १९७७ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हा लेखांतील अनेक गावांची स्थाननिश्चितीही केली. डोंगर, ओढे, खिंडी आणि डोह यांची नावे मात्र उपेक्षित राहिली. वस्तुतः दानपत्रांत गावाचे आघाट, म्हणजे चतुःसीमा, सांगताना शेजारच्या गावांइतकाच नदी-डोंगरांचा आधार घेण्याची प्रथा होती. शिलाहार राजा अपराजित याने शके ९१९ (इ. स. ९९७) मध्ये लोणादित्याच्या मंदिरास दान दिलेले भादाणे आणि ते मंदिर जेथे होते ते लोनाड ही दोन्ही गावे भिवंडी परिसरात आजही आहेत. अशी गावे ओळखता येतात. परंतु जुन्या दानभूमीची सीमा नकाशावर आखावयाची, तर तेथील ओहोळाचे नाव सांगणारा माणूस भेटावा लागतो.

इंग्रजी अमलातील सर्वेक्षण-नकाशांनी पुष्कळ नावे टिकविली हे मान्य केले पाहिजे. तथापि ती रोमन लिपीत गेल्यामुळे त-ट आणि ल-ळ हे भेद पुसले गेले. ‘काळू’ नदीचा ‘ळ’ रोमन अक्षरांत दिसत नाही. त्यातच आगरी बोलीत ‘ळ’चा उच्चार बहुधा ‘ल’ होतो. म्हणजे लेखी आणि मौखिक ही दोन्ही साधने एकाच ठिकाणी मुकी होतात. मलंगगडाच्या डोंगररांगेतील एकच डोंगर कोणी ‘तावली’ म्हणतो, कोणी ‘ताहुली’. यांतील ‘शुद्ध’ रूप कोणते, हा वाद अभ्यासकाने तूर्त बाजूस ठेवावा. कोणत्या गावच्या, कोणत्या समाजाच्या व्यक्तीने कोणता उच्चार केला, हे लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे. मलंगगडाच्या बाबतीत तर ही दक्षता अनिवार्य ठरते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात त्याची ‘बावा मलंग’ आणि ‘कॅथीड्रल रॉक’ ही नावे येतात. लोकव्यवहारात ‘श्रीमलंग’ व ‘हाजी मलंग’ ही दोन्ही आहेत. यांपैकी एकच नाव नकाशावर ठेवणे म्हणजे इतिहासाची काटछाट होय.

महसुली व्यवस्थेने जमिनीस सर्व्हे क्रमांक दिले आणि नावाची व्यावहारिक गरज संपली. सातबाराच्या उताऱ्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे, तो बहुधा कोराच असतो! कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर वसले आणि तेथील भाग ‘कॅम्प’च्या क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ‘फेज’ आले. येऊरच्या पाड्यांवरील किंवा मलंगगडाच्या पायथ्याच्या वृद्ध ठाकूर, कातकरी, वारली स्त्रीपुरुषांकडे मात्र प्रत्येक झऱ्याला नाव असते. ते त्यांच्यासोबत प्रत्यक्ष चालत जाऊनच नोंदवावे लागते. ध्वनिमुद्रण, देवनागरी लेखन, अक्षांश-रेखांश आणि नावामागची सांगितली जाणारी कथा, एवढे तरी प्रत्येक नोंदीत हवे. कथा व्युत्पत्ती म्हणून स्वीकारू नये, पण गाळूही नये.

वालधुनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर हिच्याच काठी उभे आहे. पुढे कल्याणकडे येईतो ही नदी अनेकांच्या बोलण्यात ‘नाला’ होते. २६ जुलै २००५ च्या पुरात तिच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा तिचे नदीपण पुन्हा सर्वांच्या ध्यानी आले. तिला मिळणाऱ्या लहान ओहोळांवर आता स्लॅब पडले आहेत; त्यांची नावे सांगू शकणारी पिढी ऐंशीच्या घरात आहे.