वकिलाविना न्याय

शहाद्याच्या भिल्लांच्या जमिनींचा लढा आपल्याकडे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. त्यातून निघालेल्या एका कलमाकडे मात्र, आमच्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९७१-७२ च्या या लढ्यामागोमाग महाराष्ट्राने १९७४ चा अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना तो लागू झाला. त्याच्या कलम ९-अ ने दोन्ही पक्षांच्या वकिलांना दार बंद केले. निर्धन, निरक्षर आदिवासीसमोर निष्णात वकील उभा राहिला तर झुंज असमान होते, हे त्यामागील कारण. १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

वकिलास आपण न्यायालयाचा अधिकारी म्हणतो. मग न्यायासाठी त्यालाच बाहेर का ठेवावे लागले? यात कोणा एका वकिलाने नियम मोडलेला असण्याची गरज नव्हती. व्यवसायाचे नियम योग्य शुल्क देणाऱ्याचे काम स्वीकारण्यास सांगतात, आणि मेख त्या शुल्कातच आहे. प्रत्येकाने आपल्या अशिलाशी इमान राखले, तरी सगळी विद्वत्ता एकाच पारड्यात पडू शकते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना मोफत वकिलाचा हक्क दिला. आता कसोटी वकिलाची आहे: फुकटच्या अशिलाचा सातबारा तो तितक्याच बारकाईने वाचतो का?